देवमाशांची सुगी कधी असते? अलास्का क्रूझचा महिना ठरवण्याआधी

दरवर्षी डिसेंबर-जानेवारी आला की मला एकतरी फोन येतोच, कारण आम्ही अलास्काची क्रूझ करून आलोय हे सगळ्या नातेवाईकांना माहितीये, म्हणजे फोटो दाखवून दाखवून मीच माहिती करून दिलंय. यंदा आत्याचा आला. "अरे मे महिन्यातलं पॅकेज स्वस्त पडतंय, पण देवमासे दिसतील ना? एजंट म्हणतो वर्षभर दिसतात." आता एजंट खोटं बोलत नाहीये, जगात कुठे ना कुठे वर्षभर देवमासे दिसतातच, जसे आंबेही कुठे ना कुठे वर्षभर मिळत असतील, पण म्हणून आपण ऑक्टोबरात देवगडला हापूस खायला जात नाही ना.

आत्याला फोनवर जे तासभर समजावलं तेच इथे लिहितोय, थोडं नीट करून. "बेस्ट सीझन कोणता" हा प्रश्न अर्धवट आहे. कोणता देवमासा, कुठल्या समुद्रात, आणि तो काय करत असताना बघायचाय, हे आधी ठरवायचं, महिना मग आपोआप निघतो. अलास्काच्या क्रूझवाल्यांसाठी हिरो एकच, हंपबॅक, म्हणून त्याच्यापासून सुरू करू.

हंपबॅक साधारण १२ ते १५ मीटर लांब, म्हणजे आपल्या लाल एसटीपेक्षाही लांब, आणि वजन ३० टनांच्या आसपास. एवढं धूड खातं काय तर क्रिल नावाची बारीक कोळंबी, दिसायला साधारण आपल्या जवळ्यासारखी, आणि हेरिंग नावाचे छोटे मासे, जे आपल्या तारलीच्या कुळातले. दात नाहीतच, तोंडात वरच्या जबड्याला झालर असते, भलामोठा घोट घ्यायचा, पाणी झालरीतून बाहेर सोडायचं आणि जे अडकेल ते गिळायचं. खायच्या दिवसांत एक हंपबॅक रोज टनभर किंवा त्याहून जास्त खाऊ शकतो. आता एवढा जवळा रोज मिळणार कुठे? तर थंड समुद्रात, आणि तोही उन्हाळ्यातच. अलास्कात हिवाळ्यात ऊन इतकं कमी असतं की पाण्यातली सूक्ष्म वनस्पती वाढतच नाही, मग वसंत ऋतूत दिवस मोठा व्हायला लागतो आणि पाणी अक्षरशः हिरवट होतं, ते खायला क्रिल, क्रिल खायला हेरिंग, आणि या सगळ्यांना खायला हंपबॅक. २१ जूनच्या आसपास अलास्कातल्या जूनो शहरात दिवस १८ तासांहून मोठा असतो. म्हणजे तिथला उन्हाळा ही देवमाशांची सुगी. पोट भरायचं, चरबी साठवायची, बास.

आणि हिवाळ्यात? हिवाळ्यात यातले बरेचसे हंपबॅक जवळपास ५,००० किलोमीटर पोहून हवाईला जातात, काही तर हे अंतर ३६ दिवसांत काटतात. तिथे पाणी कोमट, निळंशार, काचेसारखं, पण खायला त्यांच्या कामाचं जवळजवळ काहीच नाही. तरी जातात, कारण तिथे जोड्या जमवायच्या असतात आणि पिल्लं व्हायची असतात. गाभण राहिल्यापासून पिल्लू व्हायला साधारण ११-१२ महिने लागतात, म्हणजे एका हिवाळ्यात जोडी जमली की पुढच्या हिवाळ्यात बरोबर त्याच कोमट पाण्यात पिल्लू. नुकतं जन्मलेलं पिल्लूच टनभर वजनाचं असतं, त्याच्या अंगावर पुरेशी चरबी नसते, त्याला ऊब लागते, शिवाय पिल्लं पळवणारे ऑर्का, म्हणजे किलर व्हेल, तिकडे कमी. आई त्याला दूध पाजते आणि स्वतः उपाशी, नुसत्या उन्हाळ्यात साठवलेल्या चरबीवर. आत्याला मी म्हटलं, अलास्का ही त्यांची नोकरीची जागा आणि हवाई म्हणजे बाळंतपणाचं माहेर, फरक एवढाच की या माहेरी कोणी जेवायला वाढत नाही. आत्या म्हणाली, मग कसलं माहेर.

तर हे एकदा डोक्यात बसलं की सीझनचं निम्मं गणित सुटतं. एकच मादी जुलैत तुम्हाला जूनोजवळ हेरिंग ओरपताना दिसेल आणि फेब्रुवारीत हवाईच्या माउई बेटाजवळ पिल्लाला घेऊन फिरताना दिसेल. दोन्ही "बेस्ट सीझन"च. खाताना बघायचे असतील तर अलास्का आणि उन्हाळा. आईबरोबरची तान्ही पिल्लं, नरांच्या मारामाऱ्या आणि पाण्याखालचं गाणं पाहिजे असेल तर हवाई, जानेवारी ते मार्च. मे महिन्यात हवाईला गेलात तर एखाददुसरा रेंगाळलेला दिसेलही, पण ते म्हणजे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हॉलवर जेवायला जाण्यासारखं आहे.

इथे मध्येच एक गोष्ट सांगतो कारण ती आपल्या घरची आहे. जगभरचे हंपबॅक असे ये-जा करतात, पण अरबी समुद्रातले करत नाहीत. ओमानच्या किनाऱ्याला जे हंपबॅक आहेत ते बारा महिने याच समुद्रात राहतात, इथेच खातात, इथेच पिल्लं देतात. का, तर आपला मान्सून! नैऋत्येचा वारा सुटला की ओमानजवळचं वरचं पाणी ढकललं जातं आणि खालचं गार, खताने भरलेलं पाणी वर येतं, म्हणजे अलास्कात जे काम उन्हाळ्याचं ऊन करतं ते इथे मान्सूनचा वारा करतो, आणि माशांची चैन होते. त्यामुळे त्यांना थंड समुद्रात जायची गरजच उरली नाही. २०१७ च्या नोव्हेंबरात ओमानमध्ये लुबान नावाच्या मादीला सॅटेलाइट टॅग लावला होता (लुबान म्हणजे आपलं लोबानच), ती अख्खा अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली आणि मग दक्षिणेकडे गेली. ओमानच्या बाजूला आता हे हंपबॅक शंभरच्या आत असावेत असा अंदाज आहे, आणि १९६६ च्या एकट्या नोव्हेंबरात सोव्हिएत जहाजांनी या समुद्रात २३८ मारले होते, आता करा हिशोब. म्हणून कोणी मुंबई-गोवा क्रूझवर देवमासे दिसतात म्हणून तिकीट काढत असेल तर प्लीज नको, त्या क्रूझला मजा करायला जा. आणि दापोली, तारकर्ली, गोव्याच्या बोटवाल्यांनी "हंपबॅक" म्हटलं तर ते हंपबॅक डॉल्फिन, खूप गोड प्राणी, पण एसटीएवढा नाही.

आता मुद्द्यावर, अलास्काचे महिने.

क्रूझ एप्रिलच्या शेवटी सुरू होतात आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत संपतात. सगळ्यात जास्त चालणारी ट्रिप ७ रात्रींची, व्हँकुव्हर किंवा सिॲटलहून निघते आणि जूनो, स्कॅगवे, केचिकन, कधी आइसी स्ट्रेट पॉइंट, कधी सिटका, आणि ग्लेशियर बे वगैरे दाखवते. हंपबॅक एप्रिलपासून यायला लागतात आणि काही तर नोव्हेंबरपर्यंत, हेरिंग मिळत असेल तर त्याहीपुढे रेंगाळतात. म्हणजे क्रूझच्या अख्ख्या सीझनमध्ये देवमासे आहेतच. एजंट यावरच टिच्चून सांगतो की कधीही जा. पण "आहेत" आणि "भरपूर आहेत, जवळ आहेत आणि काहीतरी करतायत" यात फरक आहे.

मे महिना. आलेले आहेत पण सगळे नाही, रोज थोडे थोडे येतायत, उपाशी आणि घाईत. मे स्वस्त असतो, बंदरांत गर्दी कमी असते, डोंगरांवर बर्फ अजून छान असतो म्हणून फोटो जबरदस्त येतात, आणि तिकडच्या मानाने पाऊसही कमी असतो. ऑर्का बघायची इच्छा असेल तर मे-जून चांगला, कारण किंग सॅमन नावाचा मासा येतो आणि त्याच्या मागे मासे खाणारे ऑर्का येतात, शिवाय सील खाणारे वेगळे ऑर्का पण फिरत असतात. दोघं दिसायला जवळजवळ सारखे, पण एक मासेखाऊ आणि एक मटणवाले, आणि एकमेकांत मिसळत नाहीत, आपल्याकडच्या काही सोसायट्यांसारखं. पण फक्त हंपबॅकसाठी जात असाल तर मेचा पहिला पंधरवडा मी टाळेन. मेचा शेवटचा आठवडा ठीक, आणि ज्यांना मुलांच्या शाळेची सुट्टी सांभाळायचीये त्यांच्यासाठी मेचा शेवट ते जूनचा पहिला आठवडा हाच खरा पर्याय आहे, वाईट तर अजिबात नाही.

जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या शेवटापर्यंत सुगीचा कळस. जूनोहून निघणारी छोटी बोट या दिवसांत बहुतेक वेळा देवमासे दाखवतेच, इतकं की काही बोटवाले दिसले नाहीत तर थोडे पैसे परत देऊ असं लिहून देतात, आणि व्यापारी माणूस असं लिहून देतो तेव्हा त्याला ते फारसे द्यावे लागत नसणार हे आपल्याला कळतं. बबल नेट फीडिंग नावाचा प्रकार बघायची आशाही याच दिवसांत धरायची. तो काय असतो ते सांगतो, कारण यासाठीच लोक अलास्काला जातात. सात-आठ किंवा जास्तही हंपबॅक एकत्र खाली जातात, एक जण गोल फिरत नाकातून बुडबुडे सोडतो, त्या बुडबुड्यांची वर येणारी भिंत हेरिंगला ओलांडायची हिंमत होत नाही, दुसरा खालून मोठ्याने ओरडतो त्यामुळे हेरिंग घाबरून आणखी गोळा होतात, आणि मग सगळे एकदम खालून आ वासून वर येतात. आपल्याला वरून दिसतं काय, तर शांत पाणी, पाण्यावर बुडबुड्यांचं एक गोल कडं, आणि दोन सेकंदांत तिथे सात जबडे उभे. ही शिकारीची पद्धत ते एकमेकांचं बघून शिकतात, सगळ्या हंपबॅकना येत नाही. एक टीप, समुद्रपक्ष्यांकडे लक्ष ठेवा, ते वर घिरट्या घालत एकदम एका जागी झेपावले की देवमासे तिथेच वर येणार, त्यांना आपल्या आधी दिसतं. आमच्या बोटीवर सगळे डावीकडे बघत होते आणि माझा मुलगा पक्षी बघत उजवीकडे होता, पहिला फोटो त्याचाच.

याच दिवसांचे तोटे म्हणजे पैसे आणि गर्दी. जूनोत एका दिवशी मोठी क्रूझ जहाजं चार-पाच लागलेली असतात, प्रत्येकात तीन-चार हजार माणसं. आणि पाऊस असतो, कोकणासारखा धोधो नाही, पण भुरभुर आणि दमट गारठा, जुलैतसुद्धा दुपारचं तापमान १७-१८ अंशांच्या आसपास.

सप्टेंबर हा माझ्या मते सगळ्यात कमी समजून घेतलेला महिना आहे. देवमासे अजून तिथेच असतात, आता चांगले गुटगुटीत झालेले, निघायच्या आधीची शेवटची जेवणं चाललेली, पॅकेज पुन्हा स्वस्त, रात्र पुन्हा काळोखी झालेली म्हणून नशीब असेल तर ऑरोरासुद्धा, म्हणजे रात्रीच्या आकाशात नाचणारा हिरवट उजेड. मग सगळे सप्टेंबरातच का जात नाहीत? पाऊस आणि वारा. तिथे शरद सुरू झाला की पाऊस वाढतच जातो, सप्टेंबर-ऑक्टोबर हे जूनोचे सगळ्यात ओले महिने. आणि वारा म्हणजे लाटा, लाटांना पांढरा फेस आला की देवमाशाचा फवारा त्या फेसात हरवून जातो, लांबून सगळंच फवारा वाटतं. समोर शंभर देवमासे असले तरी दिसले नाहीत तर काय उपयोग.

सीझनमधला हा दुसरा अर्धा भाग लोक विसरतात, म्हणजे प्राणी कधी असतो हे एक आणि समुद्र कधी बघू देतो हे दुसरं. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या शेजारी आहे. श्रीलंकेतल्या मिरिसाला ब्लू व्हेल, म्हणजे जगातला सगळ्यात मोठा प्राणी, डिसेंबर ते एप्रिलमध्ये बघायला जातात. ते काय बाकीचे महिने अंटार्क्टिकाला जातात का? नाही, ते याच भागातले, त्यांचं जाणं-येणं याच उत्तर हिंदी महासागरात. पण मे आला की नैऋत्य मान्सून दक्षिण किनारा खवळून टाकतो आणि बोटीच निघत नाहीत, जशा आपल्या १ जूनपासून बंद होतात तशाच, मग लोक पूर्वेच्या त्रिंकोमालीला जातात जिथे त्या दिवसांत पाणी शांत असतं. म्हणजे मिरिसाचा "व्हेल सीझन" खरं तर बोटींचा सीझन आहे.

अलास्कात याच कारणासाठी रूट बघणं महिन्याइतकंच महत्त्वाचं आहे. इनसाइड पॅसेज म्हणजे बेटांच्या रांगेच्या आतला शांत पाण्याचा रस्ता, बाहेरच्या पॅसिफिकच्या लाटा बेटंच अडवतात. ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी हे वरदान. व्हँकुव्हरहून निघणारी जहाजं बरीचशी या आतल्या रस्त्याने जातात, सिॲटलवाली बहुतेक व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, खुल्या समुद्रातून, आणि उत्तरेला व्हिटियर किंवा स्युअर्डला संपणाऱ्या एकतर्फी क्रूझना गल्फ ऑफ अलास्का हा खुला समुद्र ओलांडावाच लागतो, तिथे एक रात्र तरी पोटात ढवळतं. कॅटलॉगमध्ये जहाजाचा स्विमिंग पूल बघण्याआधी हा नकाशा बघा. आणि बंदरं बघा. देवमाशांसाठी जूनो किंवा आइसी स्ट्रेट पॉइंट यादीत असलंच पाहिजे, दोन्ही असतील तर सोन्याहून पिवळं. आइसी स्ट्रेट पॉइंट म्हणजे हूना या त्लिंगित, म्हणजे तिथल्या मूळच्या लोकांच्या गावाजवळची जागा, जुनी सॅमनची फॅक्टरी होती, आणि तिच्या जवळच पॉइंट अडॉल्फस आहे जिथे भरती-ओहोटीच्या ओढीने मासे गोळा होतात, मग देवमासे पण. स्कॅगवे आणि केचिकन छान गावं आहेत पण देवमाशांसाठी नाहीत.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. क्रूझ म्हणजे व्हेल वॉचिंग नाही. क्रूझ म्हणजे तुम्हाला देवमाशांच्या गावापर्यंत नेणारी ट्रेन. जहाज त्याच्या टाइमटेबलने चालतं, लांब फवारा दिसला तर कॅप्टन अनाउन्समेंट करेल पण थांबणार नाही, आणि तुम्ही १४ मजले वर असाल तर ३० टनांचा प्राणी खाली झुरळाएवढा दिसतो. आमच्या शेजारच्या केबिनमधलं एक जोडपं बाल्कनीवाली रूम घेऊन हातात कॉफी घेऊन तीन दिवस बसलं होतं आणि सगळे देवमासे जहाजाच्या दुसऱ्या बाजूला. बाल्कनी एकाच बाजूची असते हे बुकिंग करताना कोणाला सुचत नाही. त्यापेक्षा खालचा प्रोमेनेड डेक, जिथून दोन्ही बाजूंना पटकन जाता येतं, तो फुकट असतो आणि पाण्याच्या जवळ असतो.

खरं बघणं होतं ते बंदरात उतरून छोट्या बोटीने. जूनोत ऑक बे नावाच्या ठिकाणाहून या बोटी निघतात, तीन-चार तासांची ट्रिप, दर साधारण दीडशे-दोनशे डॉलरच्या आसपास. महाग आहे, मान्य, पण मी म्हणेन जहाजावर आतली बिनखिडकीची रूम घ्या आणि वाचलेले पैसे या बोटीला द्या, जमलं तर दोन वेगवेगळ्या बंदरांतून दोनदा. बोटींना हंपबॅकपासून १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर लांब राहायचा नियम आहे, तरी पाण्याच्या लेव्हलला असल्यामुळे श्वासाचा आवाज ऐकू येतो, आणि वारा तुमच्या दिशेने असेल तर वाससुद्धा. तो वास कसा असतो म्हणाल तर भाऊच्या धक्क्यावर दुपारी बारा वाजता उभे राहा. तो स्वतःहून जवळ आला तर तो त्याचा निर्णय, बोट इंजिन न्यूट्रलला टाकून गप्प उभी राहते.

नियमांना कोणी नावं ठेवू नका. ग्लेशियर बे नॅशनल पार्कात दिवसाला दोनच क्रूझ जहाजं सोडतात आणि देवमाशांच्या पाण्यात वेगावर बंधन असतं. २००१ मध्ये तिथे स्नो नावाची एक गाभण हंपबॅक क्रूझ जहाजाच्या धडकेने मेली, तिची ओळख १९७५ पासून होती. तिचा सांगाडा २०१४ पासून पार्कात बार्टलेट कोव्हला उभा करून ठेवलाय, ४५ फुटांहून लांब.

ओळख कशी ठेवतात तर शेपटीवरून. हंपबॅक खोल बुडी मारताना शेपूट पूर्ण वर काढतो आणि शेपटीच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे पट्टे प्रत्येकाचे वेगळे असतात, आपल्या अंगठ्यासारखे. हॅपीव्हेल नावाची एक साइट आहे, तिथे असा फोटो टाकला की कॉम्प्युटर जुन्या फोटोंशी जुळवून सांगतो की हा कोण. आमच्या फोटोतली बाई आधी माउईला दिसली होती असा मेल आला तेव्हा घरात जो आनंद झाला तो मुलाच्या दहावीच्या निकालाला झाला नव्हता. या फोटोंचा उपयोग नुसता करमणुकीचा नाही. अशा हजारो फोटोंवरूनच शास्त्रज्ञांनी मोजलं की उत्तर पॅसिफिकमधले हंपबॅक २०१२ च्या सुमाराला ३३ हजारांच्या वर होते आणि २०२१ पर्यंत २६-२७ हजारांवर आले. मध्ये २०१४ ते २०१६ समुद्र विचित्र तापला होता, खाणं कमी पडलं, बरेच उपाशी मेले असावेत. त्यांची व्यापारी शिकार तर कित्येक दशकांपासून बंद आहे, म्हणजे यावेळी मारलं ते गरम पाण्याने. म्हणून "दरवर्षी जुलैत एवढे दिसतात" असं कोणी छातीठोक सांगितलं तर लगेच खरं मानू नका, सुगीसुद्धा एखाद्या वर्षी बुडते.

शेपूट वर आली की समजायचं आता साहेब पाच-सात मिनिटं तरी येत नाहीत, तेवढ्यात चहा प्यायचा. नुसतीच पाठ दिसत राहिली तर नजर हलवायची नाही, लगेच परत वर येईल. दुर्बीण न्याच, ८×४२ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी पुरते, १०च्या पुढची हलत्या बोटीवर इतकी थरथरते की डोकं दुखतं. फवारा शोधताना पाण्याकडे नाही, मागच्या गडद डोंगराकडे बघा, काळ्या झाडीवर पांढरा फवारा लगेच उठून दिसतो. कपडे एकावर एक, वर रेनकोट, आणि हो, माकडटोपी. लाज वाटून नेली नव्हती, मग त्यांच्या दुकानात ३० डॉलरची टोपी घेतली जी माकडटोपीच होती.

ज्यांना उन्हाळ्यात जमतच नाही त्यांच्यासाठी पटापट सांगतो. दिवाळीच्या सुट्टीत अलास्का बंद, तेव्हा दक्षिण आफ्रिकेत हर्मनसला जा, सदर्न राइट व्हेल ऑक्टोबरात किनाऱ्याच्या इतके जवळ असतात की बोट पण लागत नाही, कड्यावर बाकड्यावर बसून दिसतात, दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यावर आली तर मात्र संपत आलेलं असतं. नाताळात मिरिसा, विमानाने जवळ आणि खिशाला परवडणारं. नॉर्वेच्या उत्तरेला नोव्हेंबर ते जानेवारीत हेरिंगमागे ऑर्का येतात पण तिथे तेव्हा सूर्यच जेमतेम असतो. फेब्रुवारी-मार्चला हवाई, किंवा मेक्सिकोत बाहाच्या सॅन इग्नासिओ खाडीत ग्रे व्हेल, जे स्वतःहून बोटीपाशी येऊन अंग घासून घेतात. अंटार्क्टिकाची क्रूझ करणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की तिकडे उन्हाळा उलटा, पेंग्विनची पिल्लं पाहिजे असतील तर डिसेंबर-जानेवारी पण देवमासे पाहिजे असतील तर फेब्रुवारी-मार्च, आणि ५०० पेक्षा जास्त प्रवाशांचं जहाज घेतलं तर किनाऱ्यावर उतरूच देत नाहीत.

परत आत्याकडे. आत्या-काका दोघंही रिटायर, शाळेच्या सुट्टीचं बंधन नाही, काकांना बोट लागते, आणि दोघांना आयुष्यात एकदाच जायचंय. मी सांगितलं जुलैचा पहिला पंधरवडा, व्हँकुव्हरहून जाऊन-येऊन आतल्या रस्त्याने, आतली रूम, जूनोला छोटी बोट. मेपेक्षा महाग पडतंय, पण खिडकी सोडल्यामुळे फरक बराच भरून निघाला.

व्हिसाचं मात्र तेव्हाच बजावलं होतं, तुम्हालाही सांगतो, आपल्या पासपोर्टवाल्यांना अमेरिकेचा आणि कॅनडाचा असे दोन्ही लागतात. सिॲटलहून जाऊन सिॲटललाच परत येणारी क्रूझ असली तरी ती बहुतेक वेळा मध्ये कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबते, कारण परदेशी नोंदणीच्या जहाजाने अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परत यायचं तर मध्ये एखादं परदेशी बंदर लागतं असा तिथला १८८६ सालचा कायदा आहे, आणि लोक हे एअरपोर्टवर समजून घेतात. अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत मिळायला किती दिवस लागतील याचा नेम नाही, म्हणून महिना निवडण्याआधी ती तारीख बघा. आत्याची तारीख अजून लागायचीये. काकांनी दुर्बीण मात्र आणलीये आणि रोज सकाळी गच्चीवरून समोरच्या बिल्डिंगवरची कबुतरं बघून प्रॅक्टिस करतायत, त्यावरून सोसायटीत एक तक्रार पण आलीये.